अमेरिकन इतिहासाच्या क्लासला १,८०० डॉलर भरावेत का?

प्रश्न: आम्ही इलिनॉयमध्ये नेपरव्हिलला राहतो. मुलगी अकरावीत आहे आणि तिने एपी यूएस हिस्टरी (शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा अमेरिकन इतिहास, परीक्षेचा निकाल एक ते पाच गुणांत) घेतली आहे. एका ऑनलाइन क्लासचं पॅकेज बघितलंय: एकटीला शिकवणीचे २४ तास, १,८०० डॉलर, सगळे आगाऊ, आणि 'पाच मिळाले नाहीत तर पैसे परत'. आम्ही दोघंही महाराष्ट्रात शिकलो, त्यामुळे या विषयात तिला काही सांगता येत नाही. सरावात पर्यायी प्रश्न तिला चांगले जातात, पण कागदपत्रांवरच्या निबंधात सातपैकी दोन-तीनच गुण पडतात. हातात २,००० डॉलरचा बोनस आहे. क्रेडिट कार्डावर ३,१०० डॉलरची बाकी आहे, व्याज २२ टक्के. धाकटा आठवीत आहे. क्लास लावावा का?

उत्तर: पॅकेज घेऊ नका. त्याच शिकवणीचे किंवा दुसऱ्या चांगल्या शिक्षकाचे पाच सुटे तास घ्या, आणि बोनसमधले उरलेले पैसे थेट कार्डावर भरा.

क्लासवाले २४ तासांत काय देणार, हे आधी बघू. या परीक्षेत ५५ पर्यायी प्रश्नांना ४० टक्के वजन आहे, तीन छोट्या उत्तरांना २०, कागदपत्रांवरच्या निबंधाला २५ आणि मोठ्या निबंधाला १५. तुमच्या मुलीचे ४० टक्के ठीक चाललेत. म्हणजे १४९१ पासून आजपर्यंतचा इतिहास तिला नव्याने शिकवायची गरज नाही. पण पॅकेजातले बहुतेक तास त्याच शिकवण्यात जातील, कारण शिकवायला तेच सर्वांत सोपं असतं.

आणि ते शिकवणं फुकट मिळतं, तेही उत्तम दर्जाचं. शाळेत हा विषय घेतला की कॉलेज बोर्डाचं, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं, एपी क्लासरूम हे संकेतस्थळ वापरायला मिळतं. त्यात प्रत्येक प्रकरणाचे छोटे व्हिडिओ आहेत आणि सरावाचे प्रश्नही आहेत. खान अकॅडमीवर या विषयाचा पूर्ण अभ्यासक्रम आहे. न्यूयॉर्कच्या गिल्डर लेहरमन इन्स्टिट्यूटने अभ्यासक्रमातल्या नऊही कालखंडांसाठी वेगळी अभ्याससामग्री ठेवली आहे. पाठ्यपुस्तक जड वाटत असेल तर 'द अमेरिकन यॉप' किंवा ओपनस्टॅक्सचं यूएस हिस्टरी वाचायला द्या. दोन्ही पुस्तकं ऑनलाइन फुकट आहेत आणि इतिहासाच्या प्राध्यापकांनी लिहिलेली आहेत. खरं तर अडचण साधनांच्या टंचाईची नाही, गर्दीची आहे. दहा ठिकाणी खाती उघडून कुठेच टिकून न बसणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत. व्हिडिओंसाठी एक जागा आणि वाचायला एक पुस्तक ठरवा, बाकीचं बंद. तिसऱ्या ते आठव्या कालखंडांना, म्हणजे साधारण १७५४ ते १९८० ला, प्रत्येकी १० ते १७ टक्के वजन आहे. पहिल्या आणि शेवटच्या कालखंडाला फक्त ४ ते ६. कोलंबसाच्या आधीच्या अमेरिकेवर दोन आठवडे घालवायचं कारण नाही.

आता तिचं खरं दुखणं, तो निबंध. सात कागदपत्रं देतात आणि वाचन धरून एक तास. सात गुणांची वाटणी छापील असते: ठोस विधानाला एक, काळाची पार्श्वभूमी मांडायला एक, कागदपत्रं पुराव्यादाखल वापरायला दोन, कागदपत्रांबाहेरच्या पुराव्याला एक, कागद कोणी, कोणासाठी, कशासाठी लिहिला हे सांगायला एक, आणि गुंतागुंत दाखवायला एक. दोन-तीन गुणांवर अडकलेलं मूल बहुधा कागदपत्रांत काय लिहिलंय याचा सारांश देत बसतं. समजा, रिकन्स्ट्रक्शनवर, म्हणजे १८६५ ला यादवी युद्ध संपल्यानंतरच्या पुनर्रचनेच्या काळावर, प्रश्न आहे आणि फ्रेडरिक डग्लस यांचा एक उतारा दिलाय. 'डग्लस म्हणतात की मताधिकार हवा' एवढ्याने फारसं काही हाती लागत नाही. गुलामीतून सुटलेला माणूस ते उत्तरेतल्या श्रोत्यांपुढे का मांडतोय, आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणाऱ्या १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीशी त्याचा काय संबंध, हे लिहिलं की गुण हलतात.

ही सवय व्हिडिओ बघून लागत नाही. लिहावं लागतं, आणि लिहिलेलं कोणीतरी गुणतक्ता हातात धरून तपासावं लागतं. पैसे मोजण्यासारखी गोष्ट या सगळ्यात तेवढी एकच आहे. पण तीसुद्धा आधी फुकट मिळते का ते बघा. शाळेतल्या शिक्षकांना शाळा सुटल्यावर भेटता येतं. मुली लाजतात, तेव्हा पहिल्यांदा तुम्हीच ईमेल टाका. अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर घरबसल्या शिकवणी आणि निबंध-तपासणी मिळते. तुमच्या ग्रंथालयात चौकशी करा. कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे प्रश्न, गुणतक्ते आणि विद्यार्थ्यांचे खरे निबंध मिळालेल्या गुणांसकट प्रसिद्ध करतं. मुलीला आधी ते निबंध स्वतः तपासायला लावा आणि मग तिचे गुण बोर्डाच्या गुणांशी ताडून बघा. इथे तुमचाही उपयोग आहे. अमेरिकेचा इतिहास येत नसला, तरी 'हे वाक्य सारांश आहे की मुद्दा?' एवढं कोणत्याही आईला विचारता येतं.

एवढं करूनही फेब्रुवारीत गाडी अडलेलीच असेल, तर पाच तास घ्या. सुट्या तासाला ९० डॉलर पडले तरी ४५० होतात. पॅकेजात तास ७५ ला पडतो हे खरं, पण न लागणारे १९ तास स्वस्तात घेऊन बचत होत नाही. परीक्षा मेच्या पहिल्या पंधरवड्यात असते आणि आता ती कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक अ‍ॅपवर टाइप करून द्यायची आहे, त्यामुळे सरावाचे निबंधही घड्याळ लावून, टाइप करूनच तपासायला द्या.

'पाच मिळाले तर कॉलेजची फी वाचेल' असं क्लासवाले सांगतात. त्याचा हिशोब मांडून बघू. इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठांना आणि कम्युनिटी कॉलेजांना एपीच्या तीन किंवा जास्त गुणांवर क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे गुणांक) द्यावंच लागतं. २०१६-१७ पासून तसा कायदा आहे. म्हणजे राज्यातच शिकायचं असेल, तर चाराचे पाच करण्यासाठी १,८०० डॉलर घालून फीमध्ये सहसा काही सुटत नाही. राज्याबाहेरच्या खासगी विद्यापीठांचे नियम वेगवेगळे आहेत. काही ठिकाणी एपीवर क्रेडिट मिळतच नाही. शिवाय बऱ्याच विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याची फी ठरलेली असते, एक विषय कमी घेतला म्हणून ती उतरत नाही. एपीची इतर क्रेडिट्स मिळून अख्खं सत्र वाचलं, तरच पैसे वाचतात. चांगला गुण प्रवेशाच्या अर्जावर शोभतो, नाही असं नाही. पण तो १,८०० डॉलरचा आहे का, हे तुमच्या कार्डाकडे बघून ठरवा.

त्या ३,१०० डॉलरवर वर्षाला सुमारे ६८० डॉलर व्याज जातंय. ही रक्कम पत्रात तुम्ही ओझरती लिहिलीत, पण मला सगळ्यात जास्त खटकली ती हीच. २,००० मधले १,५५० आजच कार्डावर भरा: बाकी निम्मी होईल आणि वर्षाचे ३४० डॉलर वाचतील. उरलेले ४५० फेब्रुवारीपर्यंत बचत खात्यात बाजूला ठेवा. तासांची गरज पडली नाही, तर तेही कार्डावर.

बोनस ब्राइट स्टार्टमध्ये, म्हणजे राज्याच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) टाकावा, असंही कोणी सुचवेल. इलिनॉयचा प्राप्तिकर ४.९५ टक्के आहे, म्हणून २,००० टाकले तर राज्याच्या करात ९९ डॉलर वाचतात, आणि तेही एकदाच. २२ टक्क्यांच्या व्याजापुढे ते उभं राहत नाही. कार्ड फिटलं की मात्र तोच हप्ता धाकट्याच्या नावाने तिथे वळवा, त्याच्याकडे अजून चार-पाच वर्षं आहेत.

एक बारकावा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने ५२९ मधून एपी परीक्षेची फी, ऑनलाइन अभ्याससाहित्य आणि पात्र शिक्षकाची शिकवणी यांवर खर्च करायला मुभा दिली आहे. क्लासवाले हे मोठ्या अक्षरांत छापतील. पण इलिनॉय राज्य शालेय खर्च पात्र धरत नाही. आधी घेतलेली करसवलत परत मागितली जाऊ शकते. त्यामुळे एवढ्या रकमेसाठी त्या खात्याला हात लावू नका.

आणि ती 'पैसे परत' हमी. करारात सहसा अटी असतात: सगळे तास हजेरी, सगळा गृहपाठ वेळेत, सुरुवातीच्या चाचणीत अमुक गुण. त्यांच्याकडून करार लेखी मागवा. परतावा रोख मिळतो की 'पुढच्या कोर्सचे तास' म्हणून, तेवढं एक कलम वाचलंत तरी पुरे.