नुरा कुस्ती नव्हे, आधी कुस्तीतला पट्टा बघा

प्रश्न असा आलाय की टीव्हीवरच्या प्रो रेसलिंगला मराठीत ‘नुरा कुस्ती’ म्हणावं का, आणि त्यातल्या ‘बंप’ला, म्हणजे रिंगमध्ये पाठीवर पडण्याच्या कसबाला, आपल्याकडे कुठला शब्द आहे.

पहिल्याचं उत्तर, नाही. हे जरा चिडूनच सांगतोय कारण रेसलिंगचा विषय निघाला की कोणीतरी ‘ती नुरा कुस्ती हो’ म्हणून हात झटकतंच. नुरा कुस्ती म्हणजे दोघांनी आतून संगनमत करायचं आणि लोकांना खरी लढत म्हणून दाखवायची. फसवणूक हाच तिचा गाभा, म्हणून दोन पुढाऱ्यांच्या ठरवून केलेल्या भांडणाला पेपरवाले हा शब्द वापरतात तो चपखल बसतो. रेसलिंगमध्ये निकाल ठरलेला असतो हे लपलेलं आहे कुठे? १९८९ साली त्या वेळच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या रेसलिंग कंपनीने अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच सांगितलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. क्रीडा आयोगाच्या नियमांतून सुटायला सांगितलं, पण सांगितलं ना.

आता ‘कुस्ती’ या शब्दाकडे या, खरी मजा तिथेच आहे. फारसीत कुश्ती, आणि त्याच्या मागे पहलवी भाषेतला ‘कुस्तीग’ म्हणजे कमरपट्टा, तोही ‘कुस्त’ म्हणजे बाजू, कूस यावरून. पारशी लोक कमरेला तीन वेढे देऊन ७२ लोकरी धाग्यांची पवित्र कुस्ती बांधतात ना, तीच ही. फारसीत कुस्ती खेळण्याला ‘कुश्ती गिरिफ्तन’ म्हणतात, आणि गिरिफ्तन म्हणजे धरणं, पकडणं. समोरच्याचा पट्टा धरला की कुस्ती सुरू!

यावर काही जाणकार मंडळी ठासून सांगतात की कुस्ती ही ‘कुश्तन’ म्हणजे ठार मारणे या धातूपासून आली, युनानी औषधांतल्या ‘कुश्ता’ या भस्माच्या नावासारखी. मला हे अजिबात पटत नाही. फारसी लिपीत अक्षरं सारखी दिसतात एवढाच यांचा आधार, पण त्याच अक्षरांनी ‘कश्ती’ म्हणजे होडीसुद्धा लिहितात, मग कुस्ती होडीतून उतरली म्हणायचं का? पट्ट्याला अर्थाचा आधार आहे, मारण्याला फक्त स्पेलिंगचा.

आणि माझं म्हणणं असं की या मूळ अर्थाला प्रो रेसलिंग जितकं जागतं तितकं दुसरं काही जागत नसेल. सुप्लेक्स, म्हणजे समोरच्याला उचलून मागे पाठीवर टाकायचा डाव, नीट बघा, शक्यतो स्लो मोशनमध्ये. उचलणारा एका हाताने समोरच्याची मान काखेत घेतो आणि दुसऱ्या हाताने त्याची चड्डी कमरेपाशी मुठीत धरतो. म्हणजे पट्टाच धरला की! मग ज्याला उचलायचंय तो स्वतः पायाने जोर देऊन उडी मारतो, कारण शंभर किलोचा माणूस नुसत्या दंडाच्या ताकदीवर दर रात्री कोण उचलणार, आणि वर गेल्यावर दोघं मिळून तोल सांभाळतात. पाहणाऱ्याला वाटतं हा त्याला आपटतोय, आणि खरं तर तो त्याला सांभाळून खाली आणत असतो. मानेला पकड घातली की तोंडं जवळ येतात, तिथेच पुढची चाल कानात कुजबुजायची, हात हळूच दाबून ‘ठीक आहेस ना’ विचारायचं. खरंच काही मोडलं तर रेफरी दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरतो, ती खूण पडद्यामागच्यांसाठी.

ठोसा बराचसा हुलकावणीचा असतो आणि आवाज पाय आपटून किंवा मांडीवर थाप मारून काढतात, ते ठीक. पण छातीवर पंज्याने मारलेला चॉप खराच लागतो, लाल वळ उठतात ते रंगाचे नसतात. सगळी सोंगं आणता येतात, जमिनीवर पडण्याचं सोंग आणता येत नाही. रिंगच्या कॅनव्हासखाली पातळ फोम, त्याखाली लाकडी फळ्या, त्याखाली लोखंडी सांगाडा, एवढंच असतं.

सांभाळणं चुकलं की काय होतं ते १९९७ च्या समरस्लॅम या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मोठ्या कार्यक्रमात दिसलं, तेही त्याच न्यू जर्सीत. ओवेन हार्ट या रेसलरने स्टीव्ह ऑस्टिनला उलटा धरून पाइलड्रायव्हर, म्हणजे डोकं खाली करून आपटायचा डाव, दिला. त्यात खालच्याचं डोकं मांड्यांच्या वर सुरक्षित राहायला हवं, ते खाली आलं आणि सगळा भार मानेवर. ऑस्टिनला हातपाय हलवता येईनात. ओवेन प्रेक्षकांना डिवचत वेळ काढत राहिला, आणि मग ऑस्टिनने सरपटत येऊन त्याला कसंबसं गुंडाळलं आणि रेफरीकडून तीन मोजून घेतले, कारण जिंकायचं त्यानेच असं ठरलं होतं. निकाल ठरलेला, मान खरी. याला नुरा म्हणायचं?

हां, ‘बंप’ राहिलाच. काहीजण ‘चितपट होणं’ सुचवतात, ते चूक. कुस्तीत पाठ लागली की हरलात, आणि इथे पाठीवर पडता येणं हा पहिला धडा. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही, श्वास सोडायचा, दोन्ही हात बाजूला फेकून मॅटवर सपकन मारायचे, आणि पाठीच्या वरच्या रुंद भागावर एकदम पडायचं म्हणजे मार एका मणक्यावर न येता पसरतो. तो धाडकन आवाज येतो तोही त्यामुळेच. आपल्याकडे ‘आपटी’ हा झकास शब्द तयार आहे, फक्त क्रियापद बदला. बेसावध माणूस आपटी खातो. रेसलर आपटी घेतो, जशी आपण उडी घेतो.