टीबीच्या रिपोर्टमधले बाण

प्रश्न: डॉक्टर, माझ्या मोठ्या भावाला फुफ्फुसाचा टीबी निघालाय, गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. काल रक्ताचा रिपोर्ट आला आणि घरात सगळ्यांचं धाबं दणाणलंय. हिमोग्लोबिन 9.4, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) 102, प्लेटलेट 5 लाख 60 हजार, लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी, जिकडे तिकडे बाण. कोणी म्हणतं ब्लड कॅन्सर असेल, कोणी म्हणतं लोहाच्या गोळ्या सुरू करा. काय करू?

उत्तर: कॅन्सरचं भूत आधी उतरवा, फुफ्फुसाच्या टीबीत असा रिपोर्ट आम्ही नेहमी बघतो. हे चार आकडे म्हणजे चार वेगळे आजार नाहीत, मूळ दुखणं एकच.

हिमोग्लोबिनचं बघा. जंतूंशी झुंज चालू असताना लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन जास्त बनवतं आणि ते आतड्यातून लोह शोषायलाच अटकाव करतं, शिवाय शरीरात जे लोह आहे ते पेशींच्या आत कोंडून ठेवतं, कारण टीबीच्या जंतूलाही वाढायला लोह लागतं. थोडक्यात धान्य कोठारात आहे पण कुलूप लागलंय. म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासलं तर ते नॉर्मल किंवा वाढलेलं येतं आणि तरीही माणूस पांढराफटक. अशा वेळी मनानेच लोहाच्या गोळ्या चालू करू नका, फायदा फारसा होत नाही. रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, बघा, तो बराच कमी असेल तर लोहाची खरी कमतरताही सोबत असू शकते, मग तुमचे डॉक्टर ठरवतील. नाहीतर टीबीचे औषध नीट चालू राहिलं की दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन बहुतेकांचं आपोआप वर सरकतं.

प्लेटलेट वाढतात त्या टीबीमुळे शरीरात आतून होणाऱ्या दाहामुळे, आजार आटोक्यात आला की उतरतात. मात्र एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला किंवा एकदम धाप लागली तर त्याच दिवशी दाखवा, टीबीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढलेला असतो. लिम्फोसाइटही उपचारानंतर सावरतात, पण एचआयव्हीची टेस्ट झाली नसेल तर करून घ्या, ती टीबीच्या प्रत्येक पेशंटची करायचीच असते. आणि ईएसआर दर आठवड्याला करत बसू नका हो! तो हळू उतरतो, दुसऱ्या कुठल्याही कारणाने चढतो, औषध लागू पडतंय का ते थुंकीची तपासणी आणि वजन सांगतं.

काळजी करायची ती उलट्या चित्राची. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही एकदम खाली आले तर टीबी बोनमॅरोपर्यंत (हाडातला मगज, जिथे रक्तपेशी बनतात) पसरलाय का किंवा दुसरंच काही आहे का, हे शोधावं लागतं.

प्रश्न: टीबीच्या गोळ्यांनीच रक्त बिघडतं असं ऐकलं, लघवी पण लाल होते. गोळ्या बंद केल्या तर?

उत्तर: लघवी केशरी-लालसर होते तो टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाचा रंग, रक्त नाही. पण हेच रिफाम्पिसिन क्वचित कोणाच्या प्लेटलेट झपाट्याने पाडतं, खास करून मध्ये गोळ्या सोडून पुन्हा सुरू केल्यावर. पायावर टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके उठले जे बोटाने दाबूनही फिके होत नाहीत, हिरड्यांतून रक्त आलं, तर पुढचा डोस न घेता लगेच दवाखाना गाठा, आणि प्लेटलेट रिफाम्पिसिननेच पडल्यात हे ठरलं तर ते औषध त्या माणसाला पुन्हा कधीच देत नाहीत. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिड देतात, ते बोनमॅरो दाबतं, त्यामुळे त्यात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, वेळच्या वेळी हवीच, टाळाटाळ नको. बाकी नुसत्या भीतीपोटी गोळ्या बंद करू नका, अर्धवट सोडलेला टीबी परत आला की साध्या गोळ्यांना जुमानेलच असं नाही.