कोसळले की उतरवले?

एका वाचकाने विचारलंय, ‘इंजिन बंद पडल्याने हेलिकॉप्टर शेतात कोसळले, सर्वजण सुखरूप’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि वैमानिक ज्याला ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं?

दरड कोसळते, भिंत कोसळते. स्वतःच्याच भाराने, कुणाच्या हातात काही न उरता जे खाली येतं, त्याला आपण कोसळणं म्हणतो. इंजिन बंद पडलेलं हेलिकॉप्टर दर वेळी असं येत नाही. वैमानिक लगेच डाव्या हाताचा दांडा खाली करतो, त्यामुळे पात्यांचा तिरपेपणा कमी होतो. पेडल थांबवलं तरी सायकलचं चाक फिरत राहतं, तशीच इथेही इंजिन आणि पात्यांची जोडणी आपोआप सुटते. मग खालून येणारी हवाच पाती फिरवत ठेवते, जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग कमी करायचा आणि अगदी शेवटी तोच दांडा वर ओढायचा. पात्यांत उरलेल्या गतीवर हेलिकॉप्टर अलगद टेकतं. हेच ऑटोरोटेशन. ही गती एकदाच वापरता येते, दुसरी संधी नाही.

२१ जून १९७२ रोजी फ्रान्सचे ज्याँ बुले ‘लामा’ हेलिकॉप्टर घेऊन १२,४४२ मीटर उंचीवर पोचले. खाली येऊ लागताच इंजिन विझलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. तिथून जमिनीपर्यंत ते असेच उतरले! (हेच लामा हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ‘चीता’ नावाने बांधलं. सियाचीनच्या चौक्यांना त्याचा केवढा आधार!)

ऑटोरोटेशनसाठी ‘स्वयंघूर्णन’ हा शब्द व्याकरणाला धरून आहे, पण त्यातलं ‘स्वयं’ मला पटत नाही. पाती स्वतःहून फिरत नाहीत, त्यांना हवा फिरवते. ‘वाऱ्यावर उतरवणे’ चटकन सुचतं, पण त्यामागून ‘वाऱ्यावर सोडणे’ डोकावतं आणि अर्थ पार उलटा होतो. म्हणून मी ‘पात्यांवर उतरवणे’ म्हणतो. ‘उतरणे’ नव्हे, ‘उतरवणे’. त्या एका ‘व’मध्ये वैमानिक आहे, त्याला बातमीतून वगळू नये. ‘इंजिन बंद पडले, वैमानिकाने हेलिकॉप्टर शेतात उतरवले’ इतकं पुरे.

पातंच तुटलं, मुख्य गिअरबॉक्स जाम झाला किंवा दांडा खाली करायलाही उंची उरली नाही, तर मात्र ‘कोसळले’ हाच शब्द खरा.