फेरफारातली आत्या

प्रिय लेकरा,

तुझं पत्र मिळालं. दर रविवारी वाचनालयात पाच-सहा पोरं जमवून आपापल्या घराण्याची माहिती ऑनलाइन कशी शोधायची ते शिकवायचं ठरवलंस, आणि लगेच पुढं लिहिलंस, ‘मलाच पणजोबांच्या मागं जाता येईना, मी काय शिकवू?’ शिकव. जिथं तुझी वाट अडलीय तिथूनच वर्ग सुरू कर.

मराठवाड्यात वाट का अडते ते आधी पोरांना सांग. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. जुनी दफ्तरं उर्दूत, काही मोडीत, आणि साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचं. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरात, आझूर महिन्यापासून लागायचं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, आणि तारीख जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१ मिळवायचे. म्हणजे १३४७ फसलीचा आझूर हा १९३७ चा ऑक्टोबर. हे एक गणित जमलं नाही म्हणून किती घरांत आजोबांचं वय चुकीचं लागलंय! दुसरं, उर्दूत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. काळे तिथं काले होतात. नुक्ते, म्हणजे अक्षराचे ठिपके, पुसट झाले तर ‘प’चा ‘ब’ वाचला जातो. म्हणून नाव सापडलं नाही तर ‘नोंदच नाही’ असं लगेच म्हणू नका, चार तऱ्हांनी वाचून बघा. गावात उर्दू शाळेतले निवृत्त गुरुजी असतील तर त्यांना वर्गात बोलाव. माझ्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली ओळ मला अशाच एका गुरुजींनी वाचून दाखवली होती. स्वतःच्याच घरातलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला होता.

जिल्हेही तपास. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. अंबाजोगाई जुन्या कागदांत मोमिनाबाद म्हणून येते. शोधताना त्या काळचा जिल्हा आणि त्या काळचं नाव धरायचं.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुझ्या पोरांकडूनही होणार. सरकारच्या महाभूमी संकेतस्थळाच्या ‘आपले अभिलेख’वर जुने सातबारे आणि फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी, स्कॅन करून ठेवलेत. सगळ्या गावांचे सारखे नाहीत, पण जे आहेत ते सोन्यासारखे. तिथं मला आजोबांचं नाव दिसलं आणि मी घाईनं वंशावळ मांडली. सहा महिन्यांनी कळलं की ते आमचे आजोबा नव्हतेच, भावकीतले त्याच नावाचे दुसरे होते. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळं एका गावात एका नावाची तीन माणसं सहज असतात. उलगडा केला तो चुलतीनं. ती म्हणाली, “आपलं रान ओढ्याकडचं, हे तर माळाचं दिसतंय.” जुना सर्व्हे नंबर काढला, खासरा पत्रकाशी, म्हणजे सर्व्हे नंबरवार जमिनीच्या जुन्या नोंदीशी, ताडला, तेव्हा माणूस पक्का झाला. माणसाआधी रान ओळखायचं.

मग खऱ्या आजोबांचा वारस फेरफार मिळाला. मळकट पान, कडेला शाईचा डाग. मयताचं नाव, खाली विधवा, तीन मुलगे. आणि चौथ्या ओळीत एक मुलगी, नवऱ्याच्या नावासकट, सासरच्या गावासकट. आमच्या घरात या आत्याचं नाव कुणी कधी घेतलं नव्हतं. दोन पानं पुढं हक्कसोडीची, म्हणजे तिनं आपला वाटा सोडल्याची, नोंद होती, त्यानंतर तिचं नाव कुठंच नाही. मी त्या गावाला गेलो. आत्या वारली होती. तिच्या लेकीनं भाकरी वाढता वाढता माझ्या आजीचं माहेर सांगितलं. आमच्या वंशावळीत आजीच्या नावापुढं चाळीस वर्षं नुसती रेघ होती.

म्हणून पोरांना सांग, फेरफार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वंशावळीत लेकी गाळल्या जातात. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगीही वारस झाली आणि त्यानंतरच्या वारस नोंदींत तिचं नाव लिहावं लागलं.

पहिल्या रविवारी मोबाइल काढूच देऊ नकोस. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसायला पाठव. ‘पणजोबाचं नाव काय’ विचारलं की माणूस गप्प बसतं. ‘रझाकाराच्या टायमाला तुम्ही कुठं गेला होतात?’, ‘तुमच्या लग्नात मामा म्हणून कोण उभं होतं?’ असं विचारलं की आठवण सुटते. कुणी बार्शीकडं गेलेलं असतं, कुणी सोलापूरकडं, आणि तिथं सोयरीक निघते. दुसऱ्या रविवारी एकच स्कॅन सगळ्यांपुढं. एकानं वाचायचं, एकानं उतरवायचं.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंची नावं लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांची छायाचित्रं आहेत. खातं फुकट उघडतं, पण बरीचशी पानं एकेक करून उलटावी लागतात. घरातलं कुणी त्र्यंबकेश्वरला जाणार असेल तर तिथल्या उपाध्यांकडची नामावळी बघायला सांग. गाव आणि आडनाव सांगितलं की कोणाकडं जायचं ते कळतं.

एका गोष्टीत मात्र कडक राहा. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमल्यापासून गावोगाव जुने कागद उघडले जातायत, आणि पोरं कुणबी दाखल्यासाठीच शोधायला येतील. येऊ देत, गरज खरी आहे. पण कागदावर जे लिहिलंय तेच वहीत उतरलं पाहिजे. अक्षर लागत नसेल तर प्रश्नचिन्ह टाकायचं, आपल्याला हवा तो शब्द नाही. आणि जित्या माणसांचे कागद कुणीही ग्रुपवर टाकायचे नाहीत.

पोळ्याला गावाकडं येशीलच. तुझ्या पणजोबांच्या नोंदीची छापील प्रत घेऊन ये, मोठ्या अक्षरात काढ, माझी नजर आता अधू झालीय. आणि येण्याआधी आईला विचारून ठेव, तुमचं जुनं रान गावाच्या कुठल्या अंगाला होतं.

तुझा,
गुरुजी