मिठाची गोणी आणि शनिवारचा पगार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

पंधरा ऑगस्टला तुझ्या कोकमाच्या युनिटवर झेंडावंदन ठेवलंयस आणि मी चार शब्द बोलावेत, असं तुझं म्हणणं. माझ्याच्याने भाषण होत नाही गो. शिवाय पावसात हा गुडघा पायरीसुद्धा उतरू देत नाही. म्हणून हे पत्र. तिथे वाचून दाखवू नकोस, तुझ्यापुरतं ठेव.

तुझ्या मांडवात दाराशी मिठाच्या गोण्या रचलेल्या असतात, तिथून सुरू करतो. कोकमाचे रातांबे फोडले की बायका रसात मीठ घालतात, सालं त्यात बुडवून उन्हात टाकतात, पुन्हा बुडवतात. पुटावर पुट चढल्याशिवाय सोलं काळी होत नाहीत. रसाचं आगळ तर मिठावरच टिकतं. म्हणजे आपला धंदा रातांब्याइतकाच मिठाचा. आणि हे मीठ तू फोनवर सांगतेस, टेम्पोवाला आणून टाकतो.

१९३० च्या मे महिन्यात, ऐन रातांब्यांच्या हंगामात, आपल्या शिरोड्याच्या मिठागरावर माणसं मीठ उचलायला गेली. लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेली. समुद्र दारात, ऊन फुकट, पण मणामागे सव्वा रुपया कर, आणि विनापरवाना मीठ केलं तर गुन्हा! तो कर गेला तो १९४७ च्या एप्रिलमध्ये, झेंडा बदलायच्या चार महिने आधी. गोणीचं तोंड सोडताना मला अजून हे आठवतं. तुला आठवेलच असं नाही, आणि त्यात तुझी चूक नाही. ज्याला अडवलं गेलं नाही त्याला दार दिसत नाही.

आता त्या माणसांचे उपकार मानायचे कसे? पाकिटावर तिरंगा छापायचा तुझा बेत कळला. तो सोडून दे. सोलं काढली की पाकीट उकिरड्यावर जातं.

त्यापेक्षा माझी एक गोष्ट ऐक. सुरुवातीची वर्षं मी बायकांचा हिशोब माल विकला गेल्यावर करायचो. व्यापारी मला रखडवायचा, मी त्यांना. जूनच्या पहिल्या पावसात एक बाई आली, ओली छत्री खळ्यात टेकवली आणि मिठाच्या गोणीवर बसून राहिली. पैसे मागितले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पैसे मगे दिलात तरी चलात, पण शाळा पंधरा तारखेक उघडता." तिची बोटं रातांब्याच्या रसाने जांभळी झालेली, नखांच्या कडांना मिठाने चिरा पडलेल्या. त्या मिठासाठी लोकांनी मार खाल्ला हे मी पोरांना रंगवून सांगायचो, आणि त्याच मिठाने सोललेल्या हातांचे पैसे माझ्याकडे दोन महिने अडकलेले. त्या शनिवारी मी बायकोची पाटली गहाण टाकून सगळ्यांचे पैसे चुकते केले. बायको दोन दिवस बोलली नाही. बरोबरच होतं तिचं, पाटली माझी नव्हती.

स्वातंत्र्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मार्च १९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला. फाळणीची धग विझलेली नव्हती, तिजोरीत खडखडाट, तरी. पुढे तो २०१९ च्या वेतन संहितेत गेला. तुझा हिशोबनीस याला कटकट म्हणतो, म्हणू दे. तू मात्र दर शनिवारी वहीत बायकांची सही घे, आणि सही करता येत नाही तिला आधी आकडा वाचून दाखव, मग अंगठा. मालाला गिऱ्हाईक नसेल त्या आठवड्यातही. तेवढी रक्कम हंगामाआधीच वेगळ्या खात्यात टाकून ठेव, म्हणजे पाटलीपर्यंत वेळ येत नाही.

अजून एक. आपल्या कोकणातले गांधीवादी अप्पा पटवर्धन, त्यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात संडाससफाईचं काम आपल्यालाही मिळावं म्हणून अन्न सोडलं होतं. तुझ्या मांडवामागचं रसाचं गटार तुंबतं, त्याला वास सुटतो, आणि ते नेहमी एकच माणूस उपसतो, हे मी मेमध्ये पाहिलं. महिन्यातून एकदा तू उपस. फोटो काढू नकोस.

झेंडावंदनाला येईन, मागे खुर्ची ठेव. आणि बायकांना त्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे ना, ते आधी कळव, नाहीतर मी घरीच बरा.

तुझा,
काका