पुरुषाने नऊवारी नेसून लावणी करण्यात करिअर होऊ शकतं का?

प्रश्न विचारणारा मुलगा नाशिकचा, बावीस वर्षांचा. कॉलेजच्या गॅदरिंगला एकदा लावणी केली, आता मुंबईतल्या ड्रॅग शोमध्ये, म्हणजे पुरुषांनी बाईच्या वेषात करायच्या कार्यक्रमात, उभं राहायचंय. विचारतोय की यात पोट भरतं का, स्टेजसाठी वेगळं नाव घ्यावं का, आणि घरी कसं सांगावं. शेवटी एक वाक्य टाकलंय: 'घरचे म्हणतात, बालगंधर्वांची गोष्ट वेगळी.' पहिल्या तीन प्रश्नांना कुणीही उत्तर दिलं असतं. मी लिहायला बसलो ते या वाक्यामुळे. तू माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेस, म्हणून अरेतुरे करतो.

हेच वाक्य मी माझ्या मामाच्या तोंडून ऐकलंय. मामा मिरजेचा. बालगंधर्व, म्हणजे नारायण राजहंस, १९०५ साली शकुंतला होऊन पहिल्यांदा लोकांसमोर आले ते याच मिरजेत, आणि मामा हे अशा अभिमानाने सांगतो की जणू तो त्या रात्री तिथे होता. पेटी सुरेख वाजवतो. गंधर्वांच्या 'नाथ हा माझा'ची जुनी तबकडी त्याच्याकडे रेशमी रुमालात गुंडाळलेली असते. 'मानापमान' नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची हकिकत, १२ मार्च १९११, त्याच दिवशी मुलगी गेली आणि तरी नारायणराव नायिका भामिनी होऊन उभे राहिले, ही त्याने आम्हा भाच्यांना किती वेळा सांगितली असेल! दर वेळी त्याचा आवाज बसायचा.

मी अकरा वर्षांचा असताना त्याने मला पुण्याला बालगंधर्व रंगमंदिरात नेलं. तिथे चित्रकार देऊसकरांनी काढलेली दोन मोठी तैलचित्रं आहेत. एकात नारायणराव, दुसऱ्यात तेच स्त्रीवेषात. मामा म्हणाला, "नीट बघ. दोन्ही एकच माणूस." मी नीट बघितलं. माझ्यात जे सुरू झालं ते तिथे सुरू झालं, आणि ते सुरू करणारा मामा होता.

२०१४च्या गणपतीत सांगलीकडच्या एका मंडळाची सुपारी मिळाली. चार लावण्या, ढोलकी-पेटी समोर, ट्रॅक नाही. रंगपट म्हणजे शाळेचा सहावीचा वर्ग. दाढीची निळसर झाक लपवायला आधी नारिंगी रंग, त्यावर पॅनकेक, गंगावन (खोटे केस) लावून अंबाडा, मग नऊवारी. बाकावर बसून डाव्या पायात घुंगरांचे चाळ बांधत होतो. दोन्ही पायांचे मिळून चार किलो भरतात, ते बांधायला वेळ लागतो. तेवढ्यात दारात मामा. त्याच मंडळाने संध्याकाळी नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठेवला होता, मामा साथीला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खांद्यावर सत्काराची शाल तशीच होती. त्याने मला आधी ओळखलं नाही. "बाई, इथे माझी पिशवी राहिली होती," म्हणाला. मी आवाज काढला तेव्हा ओळखलं.

मग म्हणाला, "गंधर्व नाटकात बाई व्हायचे. तू चौकात बाई होतोस."

ढोलकीवाला, मंडळाची पोरं, चहा घेऊन आलेला मुलगा, सगळे ऐकत होते. मला बोलता आलं नाही. एका पायात चाळ, दुसरा पाय मोकळा, असा बसून राहिलो. तिसऱ्या लावणीला अंबाडा सुटायला लागला. बैठकीची, म्हणजे बसून अदा करायची लावणी होती म्हणून वाचलो, एक हात केसांवर ठेवून सगळी अदा दुसऱ्या हाताने केली आणि लोकांना वाटलं बसवलंय तसंच. वन्स मोअर मिळाला. आईचा दुसऱ्या दिवशी फोन आला, मामा रात्री जेवला नाही म्हणून.

त्या वर्गात जे बोलता आलं नाही ते आता बोलतो.

तमाशात लावणी आधी पुरुषच नाचत होते. बायका तिथे नंतर आल्या. नर्तकी पवळाबाईंचं नाव झालं ते शाहीर पठ्ठे बापूरावांच्या काळात. त्याआधी, अगदी पेशवाईतही, फडावर नाचायचा तो नाच्या पोऱ्या, बाईच्या वेषातला मुलगा. तमाशाच्या गवळणीतली विनोदी मावशी तर आजही पुरुषच करतो. म्हणजे नऊवारीतला पुरुष ही मुंबईच्या क्लबांनी काढलेली फॅशन नाही, आणि कुणा गंधर्वाची मक्तेदारीही नाही. गंधर्वांचं बघून घरंदाज बायका तसं नेसायला लागल्या, त्यांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं. नाच्याच्या वाट्याला शिवी आली. नेसणं तेच, मेहनत तीच. फरक एवढाच की एक बंदिस्त थिएटरात तिकीट काढून बसलेल्या पांढरपेशांपुढे होता आणि दुसरा कनातीत, शेतकऱ्यांपुढे, गिरणी कामगारांपुढे. तमाशा ज्यांनी जगवला ते महार, मांग, कोल्हाटी. मामाला माझं लुगडं खुपलं नाही, त्या लुगड्याची जात खुपली. हे मी पूर्ण विचार करून लिहितोय.

गंधर्वांना मी कमी लेखत नाही. त्यांचं गाणं मी रियाजासारखं ऐकतो. पण त्यांचं मोठेपण दुसऱ्या कलाकाराला हाकलायची काठी म्हणून वापरलं की माझं डोकं फिरतं.

आता तुझं नाव. वेगळं घे, त्यात दुमत नको. गुजराती रंगभूमीवरचे जयशंकर भोजक १९०१ साली 'सौभाग्य सुंदरी'त सुंदरी झाले आणि जन्मभर जयशंकर 'सुंदरी' म्हणून मानाने ओळखले गेले. आपल्या कोल्हापूरच्या गणपत पाटलांना असं वेगळं नाव मिळालं नाही. सिनेमातला नाच्या त्यांच्या खऱ्या नावालाच चिकटला. चांगला संसारी माणूस, पण लोक पडद्यावरचा नाच्या त्यांच्या दारापर्यंत घेऊन यायचे. तुझी बाई आणि तू यांच्यात एक दार हवं, आणि त्याची किल्ली तुझ्याकडे हवी.

माझ्या स्टेजवरच्या बाईचं नाव सगुणा. तिला मी आधी नुसती नेसवली होती, ती उभी राहत नव्हती. ६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७चा निकाल लागला, समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत, त्यानंतर मुंबईत ड्रॅगचे कार्यक्रम वाढले, तिथे मला बोलावलं. बारा मिनिटं, रेकॉर्डवर, समोर लावणी कधी न पाहिलेली पोरं. दोन गाण्यांच्या मध्ये कपडे बदलणाऱ्या मुलीला उशीर झाला आणि मला बोलणं भाग पडलं. मी सवयीने बतावणी, म्हणजे तमाशातलं हजरजबाबी विनोदी बोलणं, सुरू केली. सगुणा कुठल्या गावची, एस्टीत तिने कुणाला झापलं, तिचा नवरा कुठे असतो. त्या रात्री ती खरी झाली. ड्रॅगवाले ज्याला पर्सोना म्हणतात, म्हणजे स्टेजवरचं वेगळं व्यक्तिमत्त्व, तो कपड्यातून येत नाही, बोलण्यातून येतो. तेव्हा नाचाइतकीच बतावणी शिक. तमाशातल्या सोंगाड्याला, म्हणजे विनोदी नटाला, आणि मावशीला समोर बसून बघ, मोबाइलवर नाही.

पोट भरतं का? एकट्या यावर माझं भरत नाही. दिवसा दोन दुकानांचे हिशेब लिहितो. त्या पहिल्या रात्रीचे अडीच हजार मिळाले आणि गंगावन, रिक्षा, रेल्वे धरून हातात काही उरलं नाही. मानधन आधी ठरव, निम्मं आधी घे. दौलतजादा, म्हणजे नाचणाऱ्यावर प्रेक्षकांनी पैसे उधळणं, होऊ द्यायची की नाही हे आयोजकाला आधीच स्पष्ट सांग. मी होऊ देत नाही. काहींचं घर तिच्यावर चालतं, त्यांना मी नावं ठेवणार नाही.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. आपल्याला मिळते ती हेटाळणी लावणीच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या जास्त सोसली आहे. अदा त्यांच्याकडूनच शिकायची आहे, तर शिकवणीचे पैसे रोख दे आणि त्यांच्यापेक्षा कमी दरात सुपारी घेऊ नको. गुडघ्यांना जप, मी उशिरा जपलं. आणि वेष केला म्हणून तू कोण आहेस हे ठरत नाही. कुणाचा त्याच्याशी संबंध असतो, कुणाचा नसतो, आणि घरी ते एकाच दिवशी सांगून टाकायची सक्ती नाही.

घरी कसं सांगावं हे मला जमलेलं नाही. मामा आजही आईला विचारतो, त्याचं ते सुटलं का. पण तुझे घरचे गंधर्वांचं नाव घेतात, म्हणजे त्यांना ते आवडतात. त्यांना पुण्याला घेऊन जा आणि ती दोन चित्रं दाखव. त्या दिवशीच्या नाटकाची तिकिटं काढूनच जा, म्हणजे आत जाताना अडचण येणार नाही.