मत्सर कुणाला चढतो?

प्रश्न असा आहे: गॅदरिंगसाठी मराठी पॉप गाणं लिहितोय. मुलगी नटूनथटून येते, स्वतःवर खूश असते, बाकीच्या 'जेलस' होतात. या 'जेलस'ला हेवा म्हणू, असूया की मत्सर? आणि 'ग्लॅमर'ला काय म्हणू?

काहीही लिहा, पण 'ती माझ्यावर जेलस करते' असलं काही लिहू नका. परवाच टिळक रस्त्यावर सिग्नलला शेजारच्या स्कूटीवरून हे वाक्य दोनदा कानावर आलं. 'जेलस' विशेषण आहे, ते 'करता' येत नाही. 'जळते' म्हणा की! तीन अक्षरांत काम होतं.

हेवा तोंडावर सांगता येतो: 'तुझ्या आवाजाचा हेवा वाटतो गं.' असूया म्हणजे अमरकोशाच्या भाषेत 'दोषारोपो गुणेष्वपि', गुणातही खोट काढणं. नवा ड्रेस पाहून 'भाड्याने आणला असेल' म्हणते, ती असूया. तुमच्या गाण्याला मात्र मत्सरच हवा.

कारण ऋग्वेदात मत्सर वाईट नाहीच! नवव्या मंडलात सोमाचे थेंब 'मत्सरासः' आहेत, म्हणजे झिंग आणणारे. धातू मद्, म्हणजे झिंगणं. षड्रिपूंत मद आणि मत्सर शेजारी बसतात, ती सख्खी भावंडं आहेत म्हणून. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने आपल्या निरुक्त ग्रंथात सोमवाचक मत्सर तृप्तीच्या अर्थाच्या 'मन्द्'वरून लावला आहे. मला ते साफ अमान्य आहे. मत्सराचा दुसरा अर्थ लोभ, त्याच्याशी आल्यावर त्यालाही 'अभिमत्त', म्हणजे झिंगलेला, म्हणत मद्-कडेच यावं लागतं. मग एका शब्दाला दोन दारं कशाला? झिंगेचं एकच दार दोन्ही अर्थांना पुरतं.

माझा तर्क असा: आपण प्यालेला सोम आपल्याला चढला की मद, दुसऱ्याने प्यालेला आपल्याला चढला की मत्सर. हे कोशात नाही, पण कुठलंही पॉप गाणं ऐका. पहिल्या ओळीत ती आरशासमोर असते, ओठांना लाली, अंगात टिकल्यांचं जॅकेट, 'माझ्यासारखी मीच'. दुसऱ्या ओळीत लगेच बघणाऱ्या येतात. त्या जळल्याशिवाय तिचं कडवंच पुरं होत नाही. म्हणून तिथे 'आत्मविश्वास' कोंबू नका. आत्मविश्वास बंद खोलीतही टिकतो, ही मुलगी तिथे दोन मिनिटं थांबणार नाही. तिला मदच चढलाय, आणि तिचा मद बाकीच्यांना मत्सर होऊन चढतोय.

हां, ग्लॅमर. त्याला दिमाख म्हणा. अरबी 'दिमाग' म्हणजे मेंदू. फारसीतून आपल्याकडे येता येता त्याची ऐट झाली. तिकडे ग्लॅमर हे 'ग्रामर'चंच स्कॉटलंडात बदललेलं रूप, कारण व्याकरण शिकलेल्याला जादूटोणाही येतो अशी तिथल्या लोकांची समजूत होती. 'दिमाखात आली' असं म्हणून बघा, ठेक्यात चपखल बसतं. आणि मत्सरला यमक अडलंच, तर अत्तर आहे.